चित्रात नसलेली चीर

हॉ पिल्नामला मी त्याआधी दहा वर्षं तरी येता-जाता पाहत होतो, पण नीट पाहिलं ते २०१६च्या मार्चमध्ये. मसान शहराच्या ओदोंग-दोंग भागातल्या खानावळीत मी एकटाच जेवायला बसलो होतो. ती तिखटजाळ अग्वी माशाची परात घेऊन आली. ठेवायला जागा व्हावी म्हणून मी समोरचा बोर्डाच्या चित्राचा कागद सरकवला, तर ती परात तशीच हातात धरून त्या कागदाकडे उलट्या बाजूने बघत उभी राहिली.

“मालक, हे कुणी काढलंय?”

“आहे एक परदेशातला माणूस. का हो मावशी?”

“इथं बघा. या भोकात दोन पाय दिलेत. एका भोकात दोन मावत नाहीत.”

मी चष्मा लावून पाहिलं. बाराव्या ओळीतल्या एका भोकात रेझिस्टरचाही पाय होता आणि तारेचंही टोक. तो कागद चार दिवस माझ्या खिशात होता आणि मला ते दिसलं नव्हतं.

“तुम्हाला यातलं काय माहीत?”

“मासा गार होईल,” असं म्हणून ती परात ठेवून आत गेली.

तिथून जवळच, छांगदोंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर माझं वाद्यांचं छोटं दुकान आहे. तारा विकतो, गिटारी दुरुस्त करतो आणि पेडलं बांधतो. पेडल म्हणजे वादकाच्या पायाशी ठेवायची धातूची डबी. गिटारची वायर तिच्यात शिरते, पायाने खटका दाबला की आवाज बदलून बाहेर पडतो. कधी घुमतो, कधी फाटतो, कधी पाण्याखालून आल्यासारखा येतो. बाजारात तयार पेडलं मिळतातच. पण आमच्यासारखी काही वेडी माणसं जगभर आहेत, जी जुन्या पेडलांच्या मांडण्या इंटरनेटवर एकमेकांना फुकट देतात. मांडणी म्हणजे रंगीत चित्र. तांब्याच्या पट्ट्या असलेल्या भोकाभोकांच्या बोर्डावर कुठला भाग कुठल्या भोकात घालायचा, कुठली पट्टी कुठे खरवडून तोडायची, हे सगळं त्यात दाखवलेलं असतं. चित्र छापायचं, भाग आणायचे, भोकात घालायचे, खालून सोल्डर करायचं. शिंपी कागदी नमुना ठेवून कापड बेततो, त्यातलाच प्रकार.

त्या वर्षी माझ्या उजव्या हाताला कंप सुटला होता. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण जाणारही नाही. सोल्डर गन धरली की शेजारशेजारची दोन भोकं एकदम डागली जायची. त्यामुळे त्या बाईच्या नजरेचा विचार डोक्यातून जाईना. पुढल्या आठवड्यात मी पुन्हा जेवायला गेलो आणि विचारलं. मग हळूहळू सगळं कळलं.

ती हामान गावाकडची. चौथीही मुलगीच झाली म्हणून बापाने तिचं नाव पिल्नाम ठेवलं. आता पुढचा तरी मुलगा होऊ दे, असं साकडं त्या नावात होतं. पुढे मुलगा झाला की नाही ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सोळाव्या वर्षी ती मसानच्या निर्यात वसाहतीत रेडिओ-कॅसेटच्या एका कारखान्यात लागली. समोरून बोर्ड सरकत येत. डोळ्यांसमोर बोर्डाचं मोठं चित्र टांगलेलं, आणि त्यात तिच्या वाट्याचे भाग लाल रंगवलेले. अकरा भाग, बावीस सेकंद. असं सोळा वर्षं. रेडिओ गातो कसा हे तिला कुणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. बावीस सेकंदांत प्रश्न मावत नव्हता. १९८९मध्ये मालकांनी कारखाना गुंडाळला. पिल्नाम खानावळीत लागली आणि सत्तावीस वर्षं तिनं मासे कापले, पराती वाढल्या. नवरा गोदीत जहाजं रंगवायचा, तो वारला. मुलगी जंगवन उल्सानला दातांच्या दवाखान्यात काम करते.

सुरा चालवून चालवून मनगट धरायला लागलं, म्हणून मे महिन्यात तिनं खानावळ सोडली. मी म्हटलं, माझ्याकडे या, मासा कापायचा नाही, हलकं काम आहे. ती आली. येताना पर्समधून एक चिमटा काढला. कारखान्यातला. टोकं घासून घासून सुईसारखी झालेली.

“हा परत द्यायचा होता,” ती म्हणाली, “पण घ्यायला तिथं कुणी राहिलंच नव्हतं.”

पहिला बोर्ड तिनं तासाभरात पुरा केला. उलटा करून पाहिला तर सोल्डरचे थेंब सगळे एका मापाचे, मोहरीसारखे. मी वीस वर्षांत असा एकही बोर्ड केला नव्हता. मी गिटार जोडली आणि तिला वाजवून दाखवलं. तिनं मान कलती करून ऐकलं.

“बिघडलंय हे.”

“नाही हो. हे असंच वाजतं.”

“असंच?”

“आवाज फाडण्यासाठीच तर आहे हे.”

“आमच्याकडचा तपासनीस असता तर कचऱ्यात टाकलं असतं,” ती म्हणाली आणि दुसरा बोर्ड उचलला.

दुकानात मेंग दोंग-ग्यू बसला होता. हा टॅक्सी चालवतो आणि चाळीस वर्षं गिटार वाजवतो. तीन टॅक्सीवाले आणि एक औषधाचा दुकानदार मिळून त्यांचा बँड आहे. तो हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. “मावशी, माझी बायकोही हेच म्हणते! तुमची दोघींची ओळख करून द्यायला हवी.”

दोन वर्षं असं चाललं. ती सकाळी दहाला यायची, चारला जायची. चित्र समोर टांगायची, भाग वाटीत मोजून घ्यायची. मी आकृत्यांविषयी बोलायला लागलो की कान देत नसे. आकृती निराळी आणि मांडणी निराळी. आकृतीत रेघा आणि खुणा असतात, सर्किट कसं चालतं ते त्यावरून कळतं. कुठला भाग बोर्डावर कुठे बसेल ते नाही कळत. “ते तुमचं. मला चित्र द्या,” ती म्हणायची. मलाही ते सोयीचं होतं.

२०१८च्या शरदात मेंगने एक जुनं फझ पेडल, म्हणजे आवाज फाडणारं, मागितलं. तारुण्यात त्याच्या उस्तादाकडे ते होतं, मूळ पेडल आता बघायलाही मिळत नाही. मासळी बाजाराच्या जत्रेत त्याचा बँड वाजणार होता आणि त्याला तोच आवाज हवा होता. मी शोधलं, तर मांडणी सापडली. काढणारा त्या जगात फार मानाचा माणूस. त्याचं टोपणनाव आमच्या फोनवर भाषांतर होऊन ‘म्हातारा बेडूक’ असं यायचं. चित्राखाली हिरवा शिक्का होता: बांधून पाहिलं, चालतं.

पिल्नामने बांधलं. मी जोडलं. बंद डब्यात डास अडकावा तसा आवाज आला, तोही तुटक तुटक. तिनं दुसरं बांधलं. तेच. बेडकाच्या चित्राखाली तिसेक लोकांनी लिहिलं होतं की आमचंही वाजत नाही, आणि बेडकाने प्रत्येकाला एकच उत्तर दिलं होतं: तुमचं सोल्डर तपासा.

तिसरा बोर्ड तिनं माझ्या डोळ्यांसमोर भरला. मेंगही होता, जत्रा दोन दिवसांवर आली होती. मी खटका दाबला. डास.

“मावशी, तीन झाले,” मी म्हटलं.

“चित्राप्रमाणे आहे. मोजून घ्या.”

“चित्र बरोबर आहे. खाली शिक्का आहे की.”

“मग माझंही बरोबर आहे.”

“दोन्ही बरोबर असतं तर वाजलं नसतं का?”

तिनं बोर्ड उलटा केला. मला त्या दिवशी घाई होती, गिऱ्हाईक समोर होतं, आणि माझा हात टेबलाखाली मांडीवर थडथडत होता. ही कारणं झाली. मी जे बोललो ते असं:

“मावशी, तुमचा हात उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण हातच आहे. सोळा वर्षं तुम्ही चित्र बघून भोकं भरलीत. चित्रापलीकडचं तुम्हाला कसं दिसणार? तुमचा दोष नाही त्यात.”

शेवटचं वाक्य मी समजुतीचं म्हणून घातलं होतं. मेंग खिडकीबाहेर बघायला लागला.

पिल्नामने गनचं टोक ओल्या स्पंजला पुसलं, बटण बंद केलं, चिमटा पर्समध्ये ठेवला.

“या पेडलची आकृती आहे तुमच्याकडे?”

“आहे. का?”

“एक प्रत द्या.”

“तुम्हाला नाही कळायची ती.”

“प्रत द्या, मालक.”

मी छापून दिली. तिनं ती घडी घालून घेतली, तिन्ही बोर्डही घेतले आणि जिना उतरून गेली. घड्याळात अजून दोनही वाजले नव्हते.

“शाबास,” मेंग म्हणाला. “आता तुझ्या थरथरत्या हाताने बांध चौथं.”

जत्रेत तो दुसरंच पेडल घेऊन वाजवून आला. पिल्नाम दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी फोन केला नाही. उद्या करू, म्हणत राहिलो.

त्या दिवसांत तिनं काय केलं ते मला नंतर जंगवनने सांगितलं. ती रविवारी आईला भेटायला आली, तर जेवायच्या टेबलावर जेवायला जागा नव्हती. शाळेचं तंत्रशिक्षणाचं जुनं पुस्तक उघडं पडलेलं, रद्दीवाल्याकडून आणलेलं. भिंतीला आकृती चिकटवलेली. आणि आई गुडघ्यावर वही घेऊन बसलेली.

“आई, काय चाललंय हे?”

“अगं, ही खूण म्हणजे कपॅसिटर. दोन भिंती समोरासमोर. तुला माहीत होतं?”

“मला दातांतलं विचार. तू जेवलीस का?”

“भात लावलाय. हे वाच मोठ्यानं, मी लिहिते.”

मुलगी वाचत होती, आई लिहीत होती. पिल्नामने आकृतीतल्या प्रत्येक सांध्याला नाव दिलं आणि त्या सांध्याला कोणकोणते भाग येऊन मिळतात त्याची यादी केली. मग तशीच यादी मांडणीवरून केली: कुठली पट्टी, तिच्यावर कोणाकोणाचे पाय. दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या आणि एकेक नाव जुळवत जायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं पुढे मला समजावलं ते असं:

“मालक, आकृती म्हणजे घराण्याची वंशावळ. कोण कुणाचं कोण लागतं, एवढंच. आणि मांडणी म्हणजे लग्नातला सगळ्यांचा फोटो. फोटोत कोण कुणाच्या शेजारी उभं आहे त्यावरून नातं कळत नाही. जागा मिळाली तिथं माणूस उभा राहतो. मी जन्मभर फोटोच बघत होते.”

तीन दिवस सगळी नावं जुळत गेली. चौथ्या दिवशी एक कपॅसिटर अडला. आकृतीत त्याचा एक पाय पहिल्या ट्रान्झिस्टरच्या सांध्याला होता, दुसरा पुढच्या ट्रान्झिस्टरच्या. दोन निराळी घरं. मांडणीतही त्याचे पाय दोन निराळ्या पट्ट्यांवर होते, चौथ्या आणि सातव्या. वरवर पाहिलं तर काही चूक नाही. पण बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला एक छोटी तार चौथ्या पट्टीवरून सातव्या पट्टीवर टाकलेली होती. म्हणजे त्या दोन पट्ट्या तांब्यानं एकच झाल्या होत्या.

इथं तिला आपल्या थोरल्या बहिणीचं लग्न आठवलं. बहिणीला किम घराण्यातलं स्थळ आलं होतं. मुलगा शाळामास्तर, दोघांची पसंती झालेली. पण आमच्या भागात लहान पोरालाही माहीत आहे, किम्हे गावचे किम आणि तिथलेच हॉ, म्हणजे पिल्नामचं घराणं, यांची आडनावं वेगळी, मूळ एक. लग्न होत नाही. आजोबांनी वंशावळ काढून समोर ठेवली आणि विषय संपला. बहीण दुसरीकडे दिली. मास्तर पुढे बदली घेऊन गेला.

“सगोत्र आहे हे,” पिल्नाम टेबलावर बोट ठेवून व्हिडिओ-फोनवर मुलीला म्हणाली. “आडनावं वेगळी दिसतात, पण मूळ एकच. या कपॅसिटरचे दोन्ही पाय एकाच घरात आहेत. हा तिथं असून नसल्यासारखा आहे.”

“मग?”

“मग सातवी पट्टी इथं तोडायला हवी. कपॅसिटर आणि ती तार यांच्या मध्ये. चित्रात चीर दाखवायची राहिलीय.”

तिनं माशाच्या सुरीच्या टोकाने तांबं खरवडून पट्टी तोडली. तिन्ही बोर्डांवर, एकाच जागी. घरात ना गिटार होती, ना स्पीकर. त्यामुळे ते वाजतं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. जंगवनने विचारलं, “आणि नाही वाजलं तर?” त्यावर आई म्हणाली, “यादी जुळतेय. वाजायचं की नाही ते त्या बोर्डानं बघावं.”

दहाव्या दिवशी सकाळी ती दुकानात आली. नेहमीच्या जागी बसली नाही. गिऱ्हाईक उभं राहतं तिथं काउंटरपाशी उभी राहिली आणि बोर्ड ठेवला.

“लावा.”

“वाजवून पाहिलंत?”

“माझ्याकडे कुठली आलीय गिटार? लावा.”

मी वायरी जोडल्या. हात थरथरत होता, दोनदा निसटल्या. ती मदतीला पुढे आली नाही. मी खटका दाबला आणि एकच तार छेडली.

तो आवाज वर्णन करून सांगण्यात अर्थ नाही. ज्यांना आवडतो त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना पत्र्यावर ट्रक घासल्यासारखा वाटेल. मी मेंगला फोन केला. तो रस्त्यात होता. टॅक्सी कोपऱ्यावर लावून तीन जिने चढून आला आणि गिटार माझ्या हातातून ओढूनच घेतली. पाच मिनिटं वाजवत होता. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने कातरीने पाइप बडवायला सुरुवात केली तेव्हा थांबला. त्याचे डोळे भरले होते, पण तो लगेच ओरडला, “मावशी! काय केलंत काय?”

“एक पट्टी तोडली.”

“बस?”

“बस.”

मग तिनं वही उघडली आणि मला सगळं दाखवलं. मी पान पान बघत गेलो. जे मी वीस वर्षांत केलं नव्हतं ते तिनं दहा दिवसांत केलं होतं. मी म्हणायला हवं होतं ते तेव्हाही म्हणालो नाही. म्हणालो, “छान आहे.”

“आता त्या बेडकाला लिहा,” ती म्हणाली. “तीस लोक आपलं सोल्डर तपासत बसलेत.”

मी फोनवर भाषांतर करून लिहिलं, वहीच्या पानाचा फोटो जोडला, खाली तिचं नाव घातलं. बेडकाचं उत्तर दोन तासांत आलं: मी स्वतः बांधलं आहे, चालतं, धन्यवाद. मी म्हटलं, जाऊ दे. ती म्हणाली, “त्याला म्हणावं, तुझा स्वतःचा बोर्ड उलटा करून बघ.” मी तसंच लिहिलं.

तीन दिवस काही नाही. दरम्यान कोण कुठल्या देशातल्या एका माणसाने ती चीर देऊन पाहिली आणि लिहिलं, माझं वाजलं. मग आणखी एकाने. आठवड्याभरात चौदा जणांचं वाजलं. आणि मग बेडकाने आपल्या बोर्डाचा फोटो टाकला. सातव्या पट्टीवर, नेमकी त्याच जागी, चीर होती. आपल्या हाताने दिलेली चीर तो चित्रात काढायला विसरला होता. त्याने तिसाच्या तीस लोकांची नावं घेऊन माफी मागितली, चित्र दुरुस्त केलं, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: दुरुस्ती, मसानचे श्रीयुत हॉ पिल्नाम.

जंगवनला ते मुळीच आवडलं नाही. “श्रीयुत? आई, त्यांना आत्ताच्या आत्ता सांग बाई आहे म्हणून!”

“राहू दे,” पिल्नाम म्हणाली. “बाप गेला, नाहीतर त्याला दाखवलं असतं. झालं म्हणावं तुझ्या मनासारखं.” आणि ती हसली. तिला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुरुस्तीची बातमी घेऊन मी तिच्या घरी गेलो होतो, सोबत सफरचंदांची पेटी होती. सफरचंद आणि माफी यांना आमच्या भाषेत एकच शब्द आहे, त्यामुळे निम्मं काम पेटीने केलं. उरलेलं मी केलं. म्हटलं, त्या दिवशी मी बोलायला नको होतं, आणि जे बोललो ते खरंही नव्हतं.

“खरं होतं,” ती सफरचंद सोलत म्हणाली. “म्हणून तर लागलं. खोटं असतं तर तिथंच तुमच्या अंगावर गन फेकली असती.”

“मग सोमवारपासून येताय?”

“नाही.”

“राग गेला नाही म्हणा.”

“राग नाही हो. पण त्या टेबलावर बसले की तुम्ही चित्र द्याल आणि मी भरीन. आता मला ते नाही जमायचं.” तिनं सोललेली फोड माझ्यापुढे सरकवली. “खा.”

मी खाल्ली. तिची समजूत घालता येईल असं मला वाटलं होतं. नाही घालता आली. पुढचे सहा महिने मी बोर्ड बांधणारं दुसरं माणूस शोधत राहिलो. तसं कुणी मिळालं नाही, आणि मेंगने येईल त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याचं कारण तपशीलवार सांगितलं.

पिल्नामने घरीच काम सुरू केलं. आधी चौकटीच्या वहीत पेन्सिलीने मांडण्या काढायची, मग जंगवनने संगणक आणून दिला. तिच्या मांडण्या दिसताक्षणी ओळखू येतात. भोकं मोठी, अक्षरं मोठी, कारण डोळे तिचे म्हातारे. तोडायच्या पट्ट्यांचं वेगळंच चित्र, भाग न दाखवता, म्हणजे कुठली चीर कशाखाली झाकली जायला नको. आणि तळाशी यादी: कुठल्या पट्टीवर कोणकोण. बांधून पाहिलं असा शिक्का ती स्वतः देत नाही. दोन परक्या माणसांनी बांधून वाजवल्याचं लिहिलं की मगच खाली त्यांची नावं घालते. आजवर तिच्या एकवीस मांडण्या झाल्या. त्यांतल्या दोन चुकीच्या निघाल्या. त्या तिनं काढून टाकल्या नाहीत, चूक लाल रंगाने दाखवून तशाच ठेवल्या आहेत.

मंगळवारी तिच्याकडे कारखान्यातल्या दोन जुन्या मैत्रिणी येतात. तिघी टेबलाभोवती बसून बोर्ड भरतात, आणि तोंडं हातांहून जास्त चालतात. मी पेडलांसाठी तिथूनच बोर्ड घेतो. कधी देतात, कधी म्हणतात, मालक, पुढल्या आठवड्यात या.

पेडलांचा आवाज तिला अजूनही आवडत नाही. मेंगने एकदा हट्टाने तिला कार्यक्रमाला नेलं, पहिल्या रांगेत बसवलं. दोन गाणी झाल्यावर ती उठून मागच्या रांगेत जाऊन बसली. नंतर मेंगने विचारलं, “कसं वाटलं?” तर म्हणाली, “तुटलं नाही कुठं. एकसारखं वाजत होतं.” मेंग म्हणतो, चाळीस वर्षांत इतकी मोठी दाद कुणी दिली नाही. थट्टा करतो की खरं बोलतो, मला अजून कळलेलं नाही.

गेल्या वर्षी तिच्या मनगटाचं ऑपरेशन झालं. चिमटा आता अर्ध्या तासाहून जास्त धरवत नाही, तेव्हा भरायचं काम बहुतेक मैत्रिणींकडे आणि चित्रं काढायचं हिच्याकडे. मागच्या आठवड्यात मी बोर्ड घ्यायला गेलो तेव्हा ती फोन घेऊन बसली होती. चिलीतल्या कुणीतरी विचारलं होतं की अमुक एक ट्रान्झिस्टर आमच्याकडे मिळत नाही, दुसरा चालेल का. तिनं दोन्हींच्या पायांचा क्रम वहीत लिहून काढला, मांडणीत दोन ठिकाणी बदल केला, यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत जुळवली. मला अर्धा तास बसावं लागलं. मी मध्येच म्हणालो, “मावशी, त्याला सांगा ना, चालेल म्हणून. चालेलच.”

“तुम्ही बांधून पाहिलंय?”

“नाही.”

“मग गप्प बसा.”

उत्तर पाठवून तिनं फोन पर्समध्ये टाकला, पिशवी घेतली आणि चपला घातल्या.

“चला, उठा. मला मुळे आणायला जायचंय, दुपारनंतर चांगले उरत नाहीत.”

मी बोर्डांची पेटी उचलली आणि आम्ही दोघं बरोबरच जिना उतरलो.